इतक्या लोकांनी डोळ्यांनी पाहिलेला चमत्कार विज्ञान आणि इतिहास खोटा कसा ठरवतात?

मी पंचवटीत वाढलो, त्यामुळे घरचंच सांगतो.

21 सप्टेंबर 1995. गणपती दूध पितोय म्हणून देवळांपुढे ही भली मोठी रांग. आजीबरोबर मीही मूर्तीच्या सोंडेला चमचा लावला. दूध खरंच कमी झालं! घरी आल्यावर काकाने आजीचा लख्ख घासलेला पितळी तांब्या पालथा घातला आणि काठोकाठ भरलेला चमचा त्याच्या कडेला टेकवला. तांब्याही प्यायला. चमच्याच्या काठावर फुगलेलं दूध मूर्तीला टेकलं, की पृष्ठताणामुळे (द्रवाच्या पृष्ठभागावरच्या ओढीमुळे) तिकडे ओढलं जातं आणि पातळ थराने खाली ओघळतं. पांढऱ्या संगमरवरावर ते दिसणार कसं? पुढे शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, तेव्हा ओघळ दिसले.

म्हणजे डोळे खोटे नव्हते. चमच्यातलं दूध संपलं, एवढंच आम्ही पाहिलं होतं. ‘देव प्यायला’ हे आम्ही पदरचं घातलं. आजी मात्र म्हणाली, “तांब्यात देव नाही असं कोण म्हणतं?” काका गप्प. याचं उत्तर माझ्याकडेही नाही, आणि ते विज्ञानाकडे मागूही नये.

इतिहासाचं म्हणाल तर आमच्या नाशिकची पांडवलेणी बघा, डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी. लहानपणी ऐकलेलं, की पांडवांनी एका रात्रीत डोंगर कोरला. पण कोणी कोरवली ते भिंतींवर ब्राह्मी लिपीत लिहिलेलं आहेच की! तिसरं लेणं सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचं, गौतमी बलश्रीचं दान. दहावं क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचं. त्याने भिक्षूंच्या कपड्यालत्त्यासाठी 3000 कार्षापण (तेव्हाची नाणी) गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे, ठेवले: 2000 दरमहा शेकडा 1 व्याजाने, 1000 शेकडा पाऊण व्याजाने. जवळजवळ 1900 वर्षांपूर्वीची कायमची ठेव, दगडात कोरलेली! मला तरी ही एका रात्रीच्या गोष्टीपेक्षा जास्त चकित करते.

रामकुंडात अस्थी विरघळतात, असंही आमच्याकडे मानतात. जळलेल्या हाडात उरतं मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेट. ते साध्या पाण्यात असं विरघळत नाही, पण हाड ठिसूळ झालेलं असल्याने चुरा होऊन गाळात मिसळतं. हे सगळं माहीत असूनही वडिलांच्या अस्थी मी तिथेच नेल्या. गुरुजी म्हणाले, “बघा, विरघळल्या.” मी हात जोडले आणि पायऱ्या चढून वर आलो.