आनंदी आईसाठी रडायचं नाही का?

“मॅडम, आई आनंदात जगली, आनंदात गेली. आता मी रडत बसले तर तिच्या भक्तीला बट्टा नाही का लागणार?”

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हा प्रश्न वर्षाकाठी कितीदा तरी येतो. माळकरी घरातला मुलगा म्हणतो, अण्णा वैकुंठाला गेले, डोळ्यांत पाणी कशाला? लिंगायत घरातली सून सांगते, सासूबाई लिंगैक्य झाल्या, शोक करायचा नाही असं सगळ्यांनी बजावलंय. ख्रिस्ती घरात ‘प्रभूमध्ये निजली’ म्हणतात. आणि हे सांगणाऱ्या प्रत्येकाचा आवंढा घशात तसाच असतो. म्हणून एका ताईंची हकिगत त्यांच्या परवानगीने लिहितेय. ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

ताई शाळेत शिकवतात, वय पन्नाशीच्या आसपास. घर पूर्व भागातलं. घरात तेलुगू, उंबऱ्याबाहेर मराठी, हे आपल्या सोलापूरला नवं नाही. आईला त्या अम्मा म्हणत. अम्मा बाप्टिस्ट मंडळीतली. हा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांमधला एक पंथ. यांच्यात तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. माणसाने कळत्या वयात आपल्या तोंडाने विश्वास कबूल करायचा, मग त्याला पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा देतात. १८०५ मध्ये बंगालमधल्या सेरामपूरहून मराठीचं व्याकरण काढणारे विल्यम कॅरी याच पंथाचे. अम्माचं माहेर आंध्रातल्या ओंगोलकडचं. तिकडे १८७६-७८चा मोठा दुष्काळ सरत असताना, ३ जुलै १८७८ या एका दिवसात गुंडलकम्मा नदीत २,२२२ जणांचा बाप्तिस्मा झाला होता. त्यांत आपली पणजी होती, असं अम्मा सांगायची, आणि नदीकाठच्या ओल्या लुगड्यांपर्यंत सगळं डोळ्यांसमोर उभं करायची. ताईंचं सासर दुसऱ्या मंडळीतलं, तिथे बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडतात. अम्मा विहिणीला म्हणायची, “तुमचं नुसतं डोकं ओलं झालंय हो, माझा पदर पिळावा लागला होता.” विहीणबाई अजून हे सांगून हसतात.

पहिल्या भेटीत ताई हे सगळं सांगत होत्या, पण त्यांचा चेहरा हलत नव्हता. अम्मा जाऊन चार महिने झाले होते. डोकं सतत दुखतं, वर्गात मुलांवर उगाच ओरडते, चर्चमध्ये अम्माचं आवडतं गाणं सुरू झालं की उठून बाहेर जाते. त्यात महिला मंडळाने अम्माच्या स्मरणार्थ प्रार्थना ठेवली होती आणि ताईंना साक्ष द्यायला, म्हणजे अम्माच्या विश्वासाबद्दल चार शब्द बोलायला, सांगितलं होतं. त्यांनी लिहून आणलेला कागद मी वाचला. हसतमुख, प्रार्थनाशील, सेवाभावी, आनंदी. सगळी विशेषणं. अम्मा त्या कागदावर कुठेच नव्हती.

“मातीच्या वेळी रडला होतात?”

“नाही. मला पहिल्याच दिवशी सांगितलं, तुझ्या अम्माने पोटचा पोरगा गेला तरी त्याच रविवारी चर्चमध्ये गायलं होतं. तू तिची मुलगी आहेस.”

ताईंचा धाकटा भाऊ सात वर्षांचा असताना काविळीने गेला. ताई तेव्हा दहाच्या. त्या रविवारी अम्मा पांढरी साडी नेसून महिलांच्या रांगेत उभी राहिली आणि खड्या आवाजात गायली. मंडळीत ही गोष्ट चाळीस वर्षं सांगितली जातेय. खरीच मोठी गोष्ट आहे ती. पण आता तिचं माप करून ते लेकीला लावलं जात होतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीने मी काम करते. तिचं सार मला मराठीतल्या एका अक्षरात सापडलंय, ते म्हणजे ‘च’. ‘मला आनंदी राहायला आवडेल’ हे एक वाक्य. ‘मी आनंदीच राहिलं पाहिजे’ हे दुसरं. पहिल्यात माणूस दुःखी झाला तरी मोडत नाही. दुसऱ्यात डोळ्यांत पाणी आलं की तो स्वतःलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा करतो. मी ताईंना त्यांची वाक्यं कागदावर लिहायला लावली. ‘अम्मा कधीच रडली नाही.’ ‘मी रडायचंच नाही.’ ‘विश्वास असेल तर दुःख व्हायलाच नको.’ ताईंनी लाल पेनाने प्रत्येक ‘च’भोवती गोल काढले, शिक्षिकाच त्या. मग तिसऱ्या वाक्यापाशी थांबून म्हणाल्या, “पण हे खरंय ना?”

मी उत्तर दिलं नाही. कुणाच्या श्रद्धेवर माझा शेरा मारणं हे माझं काम नव्हे, आणि इतक्या वर्षांत मी ते कधी केलेलं नाही. मी एवढंच विचारलं, “तो रविवार सगळ्यांना माहीत आहे. त्या आठवड्यातला सोमवार कसा होता?”

त्या भेटीत काही आठवलं नाही. पुढच्या भेटीतही नाही. तिसऱ्या वेळी ताई आल्या, पाणी प्यायल्या आणि एकदम म्हणाल्या, “मशीन.”

अम्मा शाळांच्या गणवेशाचं शिवणकाम घरी आणायची. भाऊ गेल्यावर कितीतरी रात्री ती उठून पायमशीनवर बसायची. ताई गोधडीतून ऐकत पडायच्या. काम जास्त आलं असेल, असं त्यांना वाटायचं. एका सकाळी काज-बटणाची पिशवी शोधताना त्यांनी मशीनचा खण उघडला. आत खाकी कापडाचे तुकडे होते. प्रत्येकावर ओळीने भोकं, सरळ, एकासारखी एक. टाका मात्र एकही नाही. सुईत दोराच नव्हता.

“मी विचारलं, अम्मा हे काय? म्हणाली, सुई तपासत होते गं.”

हे सांगताना ताईंचा उजवा पाय जमिनीवर वरखाली होत होता, मशीनच्या पट्टीवर असावा तसा. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. मग पाय थांबला.

“मॅडम, घरात सगळी झोपलेली. मशीन चालू असली की हुंदका ऐकू येत नाही.”

आणि त्या रडल्या. मी घड्याळाकडे पाहिलं नाही, बाहेरच्या माणसाला निरोप पाठवला की आज उशीर होईल. समुपदेशकाला अशा वेळी बोलण्याचा मोह होतो. तो आवरायला मला खूप वर्षं लागली, आणि त्या दिवशी मी तो नीट आवरला याचं समाधान आजही आहे.

रविवारचं गाणं खोटं होतं का? अजिबात नाही. रात्री दोन वाजता सुई चालवणारी आणि सकाळी गाणारी बाई एकच होती. मंडळीने जे पाहिलं ते सांगितलं. रात्रीचं कुणी पाहिलंच नव्हतं, म्हणून अर्धी अम्मा पुढे आली आणि ताई त्या अर्धीशी स्वतःची तुलना करत राहिल्या.

पुढच्या भेटीत ताईंनीच मला शिकवलं. चर्चच्या संडे स्कूलमध्ये बायबलमधलं वचन पाठ करून यायचं असतं. आळशी पोरं सगळ्यांत छोटं वचन निवडतात, योहान ११:३५, ‘येशू रडला.’ बाई रागावतात, दुसरं म्हणा. “मीपण कितीदा तेच म्हटलंय. पण कशासाठी रडला ते कधी मनावर घेतलं नाही.” लाजर हा मित्र मेलेला. त्याला आपण थोड्याच वेळात उठवणार आहोत हे येशूला ठाऊक, तरी लाजरच्या बहिणीचं आणि सोबतच्या लोकांचं रडणं पाहून त्यालाही रडू आलं. ताईंनी लाल पेन मागून घेतलं आणि ते तिसरं वाक्य स्वतःच खोडलं.

तुमच्या घरात असं कुणी गेलं असेल आणि चार लोकांत बोलायची वेळ तुमच्यावर आली असेल, तर एक करून पाहा. विशेषणं बाजूला ठेवा आणि क्रियापदं आठवा. आई ‘प्रेमळ होती’ यातून काही हाती लागत नाही. ती भाकरी थापताना कुणाशी बोलायची, रागावली की कोणतं भांडं आपटायची, कोणत्या गोष्टीला घाबरायची, हे लिहा. अम्मा चिडली की तेलुगूत एकदम गप्प व्हायची आणि मराठीत बोलायला लागायची, हे ताईंना आठवलं तेव्हा त्या चार महिन्यांत पहिल्यांदा मोकळं हसल्या. नातवंडं हसली तर हसू द्या, त्यांना आजी तशीच आठवतेय. कुणी ‘रडू नको’ म्हणालं तर वाद घालू नका, त्या माणसालाही तुमचं दुःख सोसत नसतं. दिवसातून थोडा वेळ आठवणींना मुद्दाम द्या, मग त्या वर्गात, स्वयंपाकघरात, गाडीवर अवचित येऊन आदळायच्या कमी होतात. आणि श्रद्धेबद्दल शंका असेल तर ती पाळकांना, महाराजांना, ज्यांच्यावर तुमचा भरवसा आहे त्यांना विचारा. लपवू नका.

दुःख आणि खचणं यांत मात्र फरक करा. सहा महिने उलटून गेले तरी रोजचं जगणं ठप्प असेल, जेवण-झोप बिघडलेली असेल, तर जाणकाराला भेटा. जगू नये असं मनात येत असेल तर सहा महिने थांबायचं नाही, त्याच दिवशी. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

स्मरणाच्या प्रार्थनेला मी गेले नव्हते. ताईंनी येऊन सांगितलं. आधी पदर पिळल्याची गोष्ट सांगितली, लोक हसले. मग खाकी तुकड्यांची. सगळे शांत. पाळकसाहेबांनी चष्मा काढून पुसला. चहाच्या वेळी शेजारच्या अव्वा जवळ आल्या. पद्मशाली घरातल्या, ख्रिस्ती नव्हेत, पण चाळीस वर्षांचा शेजार म्हणून आलेल्या. त्या काळी त्या पहाटेपर्यंत विड्या वळायच्या, मधे एकच भिंत. भाऊ गेला त्या वर्षी रोज सकाळी त्यांच्या घरून किटलीभर चहा यायचा. आपल्याकडे दूध नसतं म्हणून येतो, असं ताईंना लहानपणापासून वाटत होतं.

अव्वांनी ताईंचा हात हातात घेतला आणि तेलुगूत म्हणाल्या, “आम्हाला कळायचं गं. कापडात दोरा नसला की मशीनचा आवाज वेगळा येतो.”