आयसीयू डेटात कॅम-आयसीयू (डिलिरियमची, म्हणजे आजारात अचानक येणाऱ्या गोंधळलेपणाची टेस्ट) पुढे 'असेस करता आलं नाही' लिहिलं असेल तर निगेटिव्ह धरू का?

अजिबात नाही. तुम्ही बोस्टनच्या हॉस्पिटलमधल्या पेशंटच्या नोंदींचा मिमिक डेटा घेतलाय म्हणता, तर त्या प्रत्येक नोंदीला त्याच वेळचा रास (पेशंट किती जागा, सुस्त किंवा अस्वस्थ आहे त्याचा -५ ते +४ आकडा) जोडून बघा. -४ किंवा -५ असेल तर पेशंट हाकेला डोळेच उघडत नाही, त्याला डिलिरियमची टेस्ट करणार कशी? ते कोमा म्हणून वेगळं ठेवा. आणि रासची सरासरी काढू नका प्लीज, सकाळी +३ आणि रात्री -३ म्हणजे दिवसभर शून्य, असला शहाणपणा मी पाहिलाय.

मी स्वतः आयसीयूत सिस्टर आहे, हे चार्ट आम्हीच भरतो. आमच्या मीटिंगमध्ये डेटावाले एक साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, नाइटला डिलिरियम जास्त दिसतो कारण सिस्टर झोपेत काहीही टिक करतात. अहो, तो दिवसभरात कमीजास्त होतो आणि रात्री बऱ्याचदा वाढतो, हे तर पहिल्या पानावरचं!

बायपासनंतरचे एक आजोबा होते, रास -१, नळ्या ओढत नाहीत, ओरडत नाहीत, राउंडच्या नोटमध्ये 'शांत, सहकार्य करतात'. आदल्या दिवशी घरच्यांशी नीट बोलत होते. रात्री मी त्यांचा हात धरून दहा अक्षरं म्हटली, ठरलेलं अक्षर आलं की दाबायचं, तर पहिल्यांदा बरोबर दाबला, मग प्रत्येक अक्षराला दाबत सुटले आणि शेवटी हात सैलच सोडला. दगड पाण्यावर तरंगतो का विचारलं तर 'हो'. मी पॉझिटिव्ह केलं. रेसिडेंट म्हणतो, "सिस्टर, ते कुठे आरडाओरडा करतायत?" गप्प पडलेलाच तर सुटतो ना नजरेतून! आता तुम्ही नुसते डिस्चार्जच्या वेळी टाकलेले आजारांचे कोड किंवा डॉक्टरांच्या नोट्स काढल्या तर असे आजोबा तुमच्या हिशोबात ठणठणीत. म्हणून नोट आणि सिस्टरची टिक जुळत नसेल तर टिक धरा.

हां, भाषा कळत नाही, ऐकू येत नाही म्हणूनही 'करता आलं नाही' लिहितात, त्यामुळे रास -३ किंवा वर असून तसं लिहिलेल्या नोंदी मिसिंग धरा, कोमात टाकू नका. मसल रिलॅक्सन्ट चालू असताना रास लागू होत नाही, ते तासही काढा. आणि टेस्ट न करता टिक मारणारेही असतात, नाही म्हणत नाही. दिवसाच्या ड्युटीलाही असतात, साहेब.