साडेपाच तासांचा फरक

प्रिय मुली,

परवा तू समुद्र-संशोधनाच्या जहाजावर जायचं ठरल्याचे पेढे घेऊन आलीस तेव्हा घरात पाहुणे होते, त्यामुळे बोलणं अर्धवट राहिलं. "काका, बॅरन बेट जवळून दिसेल ना?" असं तू विचारलंस. दिसेल, अंदमानच्या समुद्रातला तो जागता ज्वालामुखी. पण ते बेट बघण्याच्या नादात मी एकदा काय करून ठेवलं होतं, ते पाहुण्यांसमोर सांगायला जीभ रेटेना. म्हणून हे पत्र.

आधी पोटाचं. बोट लागणार हे धरूनच चाल. आमच्याबरोबर वर्सोव्याच्या कोळीवाड्यात वाढलेला एक खलाशी होता, त्यालासुद्धा पहिले दोन दिवस बोट लागायची. तेव्हा लाजू नकोस. गोळी घ्यायची ती जहाज धक्का सोडण्याआधी, उलट्या सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. कुठली घ्यायची ते डॉक्टरांना विचार. पोट रिकामं ठेवू नकोस, चुरमुरे आणि आलेपाक उशाशी असू दे. केबिनमध्ये पडून मोबाइल बघत बसलीस तर मेलीसच. डेकवर ये आणि क्षितिजाकडे बघत उभी राहा. जमलं तर एखाद्या रविवारी भाऊच्या धक्क्यावरून रेवसच्या लाँचनं जाऊन ये. त्यानं अंदमानच्या समुद्राची तयारी होत नाही, पण डिझेलच्या वासाची होते.

पहिल्याच दिवशी सारंगाशी, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाशी, आणि तार सोडणारी-ओढणारी विंच चालवणाऱ्याशी ओळख करून घे. शास्त्रज्ञ मंडळी बऱ्याचदा आपसातच जेवतात आणि आपसातच बोलतात, हे मला कधी आवडलं नाही. तुझं उपकरण दोन-तीन किलोमीटर तारेच्या टोकाला लोंबकळत असतं आणि ते धड परत येणं या माणसांच्या हातात असतं. तारेवर ताण असताना तिच्या रेषेत उभं राहायचं नाही, तिच्यावरून टांग टाकायची नाही. सारंग "हटो" म्हणाला की आधी हटायचं, का ते नंतर विचारायचं. आणि काम जेवणाच्या वेळेत येणार असेल तर भंडाऱ्याला आधी सांग, ताट झाकून ठेवतात. टेबलावर ओलं कापड अंथरलेलं दिसलं तर नाक मुरडू नकोस. हेलकाव्यात ताटं घसरू नयेत म्हणून असतं ते.

वॉच, म्हणजे कामाची पाळी, चार तासांचा, मग आठ तास सुट्टी. तू सगळ्यांत नवी, म्हणजे बहुधा रात्रीचा बारा ते चार तुझ्याच गळ्यात पडेल. माझ्याही पडला होता.

2005 च्या मे महिन्यात बॅरन पुन्हा जागा झाला, त्यानंतरच्या एका सफरीतली ही गोष्ट. सीटीडी, म्हणजे पाण्याचा खारेपणा, तापमान आणि खोली मोजणारं उपकरण, खाली सोडला होता. भोवतीच्या चौकटीतल्या, पाण्याचे नमुने भरायच्या बाटल्या जाताना उघड्या असतात आणि वर येताना ठरलेल्या खोलीवर एकेक बंद करायची असते. एकानं बटण दाबायचं, दुसऱ्यानं वेळ लिहायची. लिहिणारा मी. रात्री दोनच्या सुमारास बाहेर आरडाओरडा झाला. बेटाच्या माथ्यावर लाल ठिणग्यांचं कारंजं उडत होतं आणि आमचं अर्धं जहाज कठड्याला चिकटलं होतं. वही टेबलावर टाकून मीही पळालो. परत आलो तोवर तीन बाटल्या बंद होऊन गेल्या होत्या. मी घड्याळ बघितलं, मागचा हिशेब केला आणि त्या तिन्ही बाटल्यांच्या वेळा अंदाजानं भरून टाकल्या. सुवाच्य अक्षरात.

त्यात आणखी एक घोळ. वही जीएमटीत, म्हणजे ग्रीनिचच्या वेळेत, लिहायची आणि माझ्या मनगटावर भारतीय वेळ. रात्रीचे दोन म्हणजे जीएमटीचे साडेआठ, पण आदल्या संध्याकाळचे. साडेपाच तास मी वजा केले, तारीख मागे न्यायला विसरलो. मुंबईला येऊन सगळं संगणकावर चढवलं तर आमचं जहाज एका स्टेशनपुरतं (थांबून मोजमाप घेतो त्या जागेपुरतं) अख्खा दिवस पुढे जाऊन परत मागे आलेलं! हसू झालं, तारीख दुरुस्त झाली, विषय संपला.

त्या तीन वेळांवर मात्र कुणाचीच नजर अडकली नाही. आजूबाजूच्या आकड्यांत त्या इतक्या छान बसत होत्या. बाटली नेमक्या कुठल्या खोलीवर बंद झाली, हे त्या वेळेवरूनच शोधलं जाणार होतं, आणि त्या मी बनवल्यात हे मला एकट्याला ठाऊक होतं. साहेबांना सांगायला मला चार दिवस लागले. ते रागावले नाहीत. त्यांनी तीन ओळींवर रेघ मारली आणि एवढंच विचारलं, "जागा तेव्हाच मोकळी का नाही सोडलीस?"

तू ज्या समुद्रात चालली आहेस, तिथं तर अंदाज हमखास फसतो. अंदमानचं खोरं बुडालेल्या डोंगररांगांनी बंगालच्या उपसागरापासून तोडलेलं आहे. उपसागराच्या तळाचं गार पाणी त्या उंबऱ्यावरून आत येऊ शकत नाही. म्हणून तिकडे 3000 मीटरवर साधारण 2 अंश तापमान असतं तेव्हा इकडे तेवढ्याच खोलीवर 5 च्या आसपास मिळतं. पुस्तक वाचून गेलेल्या पोराला वाटतं सेन्सर बिघडला. शिवाय इथं पाण्याच्या पोटात लाटा चालतात. 60 मीटर उंचीच्या लाटा 1970 च्या दशकातच मोजल्या गेल्या आहेत. वारा पडलेला असताना समुद्रावर उकळल्यासारखा लांबच लांब पट्टा सरकत येताना दिसला, की समज खाली काहीतरी चाललंय. तासाभराच्या अंतरानं घेतलेली दोन मापनं मग जुळत नाहीत. जुळवायला जाऊ नकोस. पट्टा दिसल्याची वेळ तेवढी समासात टिपून ठेव.

आणि बेट? ते जरूर बघ. पाण्यावर दिसणारा साडेतीनशे मीटरचा डोंगर म्हणजे नुसता शेंडा. दोन हजारांहून जास्त मीटर पाण्याखाली आहे. 2017 च्या जानेवारीत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची मंडळी 'सिंधु संकल्प' जहाजावरून तिथं तळाचे नमुने घेत होती आणि अचानक राख उडायला लागली. मैलभर अंतरावरून त्यांनी पाहिलं. पण पाहता पाहता टिपलंही: एकेक उद्रेक पाच ते दहा मिनिटांचा, दिवसा नुसती राख, अंधार पडल्यावर लाव्हा. मी त्या रात्री कारंजं बघितलं ते किती मिनिटं चाललं, विचारशील तर मला सांगता येणार नाही.

आईला आत्ताच सांगून ठेव की श्रीविजयपुरम, म्हणजे आमच्या वेळचं पोर्ट ब्लेअर, मागे पडलं की फोनची रेंज जाते आणि फोन आला नाही याचा अर्थ काही झालंय असा नसतो. हे तूच सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल मी काहीतरी लपवतोय. थर्माकोलचे चार-पाच कप बरोबर ने, न पुसणाऱ्या शाईनं नावं लिही, आत कागद कोंब आणि वॉचच्या प्रमुखाला विचारून जाळीच्या पिशवीतून सीटीडीला बांध. 2000 मीटरवर दाब वातावरणाच्या दोनशे पट होतो, कप अंगठ्याएवढे होऊन वर येतात. एकावर माझंही नाव घाल.

तुझा,
काका