गर्भाच्या मेंदूत ‘पाण्याची गाठ’, पण आत रक्त वाहतंय

प्रश्न : माझ्या धाकट्या जावेला ३२वा आठवडा चालू आहे. सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूत मधोमध पाण्याची गाठ दिसली. रक्तप्रवाह दाखवणारं डॉपलर लावल्यावर ‘व्हेन ऑफ गेलन मालफॉर्मेशन’ असं निदान झालं. २०व्या आठवड्यात सगळं नॉर्मल होतं, मग हे तेव्हा सुटलं का? जन्मतःच ऑपरेशन करावं लागेल का?

उत्तर : सुटलं असं म्हणता येणार नाही. या दोषात मेंदूच्या धमन्या केशवाहिन्यांना वगळून थेट एका गर्भकालीन शिरेत रक्त ओततात. ही शीर साधारण ११व्या आठवड्याच्या सुमारास विरून जायला हवी. ती टिकते आणि रक्ताच्या दाबाने हळूहळू फुगते. म्हणून ती बहुतेकदा शेवटच्या तिमाहीतच नजरेस येते.

सोनोग्राफीच्या साध्या चित्रात थॅलॅमस या मेंदूच्या मधल्या भागाच्या मागे, मध्यरेषेवर काळी लांबट पोकळी दिसते. अरॅक्नॉइड सिस्ट, म्हणजे मेंदूच्या आवरणातली खरीखुरी पाण्याची गाठही तशीच दिसते, पण डॉपलरमध्ये ती काळीच राहते. ही फुगलेली शीर मात्र लाल-निळ्या रंगांच्या खळबळीने भरते. डॉपलरची वेगमर्यादा फार वर ठेवली तर संथ प्रवाह निसटतो, म्हणून ‘सिस्ट’ लिहिण्याआधी ती उतरवून पुन्हा पाहायलाच हवं.

आता पोकळीच्या मिलिमीटरपेक्षा हृदयाकडे लक्ष द्या. फीटल एको (गर्भाच्या हृदयाची सोनोग्राफी) करून घ्या : हृदय मोठं झालंय का, हृदयाच्या उजव्या बाजूची ट्रायकस्पिड झडप गळतेय का, अंगात पाणी साठतंय का? पोटात असेपर्यंत बरंचसं रक्त वारेकडेही जातं. नाळ कापली की ती वाट बंद होते आणि हृदयावरचा ताण एकदम वाढतो. त्यामुळे आज एको चांगला आला तरी जन्मानंतरचे पहिले काही दिवस जोखमीचेच.

गर्भाचा एमआरआयही हवा. मेंदूचा भाग आधीच विरघळलेला दिसला तर पुढची आशा फार कमी असते, आणि हे डॉक्टरांनी घरच्यांना स्पष्ट सांगायला हवं.

लगेच ऑपरेशन लागेलच असं नाही. कवटी न उघडता, धमनीतून कॅथेटर नेऊन वैद्यकीय गोंदाने धमन्या आणि शिरेतले ते थेट जोड बंद करतात. औषधांवर हृदय तग धरत असेल तर साधारण ५ महिन्यांपर्यंत थांबणं बरं, कारण तेवढ्यात बाळाच्या धमन्या थोड्या मोठ्या होतात. हृदय दाद देत नसेल तर मात्र पहिल्या काही दिवसांतच हे करावं लागतं. म्हणून नवजात अतिदक्षता विभाग आणि हे काम करणारे न्यूरो-इंटरव्हेन्शनल तज्ज्ञ एकाच ठिकाणी आहेत तिथेच प्रसूती ठरवा. जन्मल्यावर बाळाला हलवण्यात मोलाचे तास जातात. निव्वळ निदान झालं म्हणून मुदतीआधी प्रसूती करू नका.

आई-वडिलांच्या त्वचेवर गुलाबी-तांबूस चट्टे असतील तर तेही सांगा. काही कुटुंबांत ईपीएचबी४ किंवा आरएएसए१ जनुकातला बदल त्यामागे असतो, आणि मग जनुकीय सल्ला घ्यावा.