कॅमेरा कुठला घेऊ? लघुपट करणाऱ्यांचे प्रश्न

आम्ही सहा जणांनी मिळून 80 हजार रुपये जमवलेत. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या एका बाईवर बारा मिनिटांचा लघुपट करायचा आहे. एवढ्या पैशात एक बरा मिररलेस कॅमेरा आणि लेन्स येते. घेऊन टाकावा काय? एकाकडे चांगला फोन आहे, पण फोनवर काढलेलं शेवटी मोबाइलसारखंच दिसतं. (निपाणी)

घेऊ नका. कॅमेरा घेतला की 80 हजार संपले. मग माइक उसना, जेवण ज्याचं त्याचं, आणि तिसऱ्या दिवशी अर्धी मंडळी गायब.

आधी माणसांचा हिशोब मांडा. दहा जण पाच दिवस म्हणजे 50 माणूस-दिवस. दोन वेळचं जेवण आणि चहा मिळून माणशी 200 रुपये धरले तर 10 हजार होतात. मुख्य भूमिकेतली बाई पाच दिवस आपला रोजगार बुडवून येणार असेल, तर तो भरून द्या आणि ही रक्कम सगळ्यात आधी बाजूला काढा. आवाजाच्या सामानाला 12 हजार, कापड-थर्माकोल-बल्ब-वायरला 5 हजार. 15 हजारांना हातच लावायचा नाही, कारण संकलनाला बसल्यावर एखादा प्रसंग पुन्हा घ्यावा लागतोच. उरलेल्यात प्रवास आणि लागलाच तर भाड्याचा कॅमेरा. तो लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांकडे मिळतो. लग्नसराईत मागाल तर नकार येईल, पितृपक्षात मागा. तेव्हा कॅमेरे कपाटात असतात आणि भाव उतरतो.

आता 'मोबाइलसारखं दिसतं' याबद्दल. याला फोनचा सेन्सर जबाबदार असतो त्याहून जास्त तीन सवयी असतात.

पहिली सवय शटरची. फोनच्या मुख्य लेन्सचं छिद्र बहुधा बदलता येत नाही. साधारण एफ 1.8 वर, म्हणजे बरंच मोठं, ते कायम असतं. उन्हात गेलं की फोन शटर, म्हणजे प्रत्येक फ्रेमला उजेड घेण्याचा वेळ, सेकंदाच्या 1/2000 वर नेतो आणि हालचाल तुटक, झटके दिल्यासारखी दिसते. सेकंदाला 25 फ्रेम ठेवल्या तर शटर 1/50 हवं. आपली वीज 50 हर्ट्झची असल्यामुळे या आकड्यावर ट्यूबलाइटही लुकलुकत नाही. पण दुपारच्या उन्हात, आयएसओ (सेन्सरची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) 50 ठेवूनही, 1/50 वर चित्र पांढरं फटक पडेल. सुमारे सहा स्टॉप जादा उजेड आत येतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). म्हणून लेन्सवर एनडी 64 फिल्टर, म्हणजे उजेड 64 पटीनं कमी करणारी काळपट काच, लावा, ढगाळ दिवशी एनडी 8 पुरेल. सगळ्या सामानात फोनचं रूप पालटणारी ही सगळ्यात स्वस्त वस्तू.

दुसरी सवय जवळ जाण्याची. 1x ची लेन्स रुंद असते. ती चेहऱ्याजवळ नेली की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. फोनमध्ये खरी 2x किंवा 3x लेन्स असेल तर ती लावा आणि चार पावलं मागे सरका. नसेल तर 1x वरच राहा, पण चेहरा चौकटीभर घ्यायचा हट्ट सोडा. बोटांनी चिमटा काढून झूम करायचं नाही.

तिसरी सवय सगळं ऑटोवर सोडण्याची. माणूस खिडकीपुढून गेला की भिंत आधी उजळते, मग काळवंडते. प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण घरगुती व्हिडिओ त्याला बरोबर ओळखता येतो. ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे अॅप फुकट आहे. त्यात एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), व्हाइट बॅलन्स (रंगाची पिवळी-निळी छटा) आणि फोकस तिन्ही कुलूपबंद करता येतात. तुमच्या फोनवर ते चालत नसेल तर ओपन कॅमेरा वापरा.

आणि वखारीत एक दिवस कॅमेरा न घेता जाऊन बसा. तासातासाला लिहून ठेवा: उजेड कुठून येतो, कुठपर्यंत येतो, कधी सरकतो. तंबाखूची धूळ समोरून पडलेल्या उजेडात दिसत नाही. उजेड बाईच्या मागून किंवा मागच्या कोपऱ्यातून यायला हवा आणि तिच्या पाठीमागची भिंत अंधारी हवी, तेव्हा ती धूळ सोन्यासारखी उडताना दिसते. हा शॉट दिवसातून फार तर 40-50 मिनिटं मिळेल. ती वेळ वहीत असेल तर फोन पुरतो, नसेल तर लाखाचा कॅमेराही काही करू शकत नाही. मंडळींना मास्क द्या आणि प्रत्येक टेकआधी लेन्स पुसा. धुळीचा पातळ थर बसला की दिव्याभोवती दुधाळ वलय येतं.

मूकपटांच्या काळातले कोल्हापूरचे दिग्दर्शक बाबूराव पेंटर यांनी कॅमेरा स्वतः बनवला होता, हा दाखला कुणी ना कुणी तुम्हाला देईलच. त्याआधी ते नाटक कंपन्यांचे पडदे रंगवत होते, तेही त्याला सांगा: आधी नजर, मग कॅमेरा.

भाड्याचा कॅमेरा खरंच कधी आणावा? कथा निम्म्याहून जास्त रात्री घडत असेल किंवा माणसाला न कळता लांबून टिपायचं असेल तर. तेव्हा फोन हरतो.

खानापूर तालुक्यात आमचं कौलारू घर आहे, पुढच्या पडवीवर पत्रा. जुलैत शूटिंग केलं. चित्र सुरेख आलं, पण पावसाच्या आवाजात संवाद कळत नाहीत. सॉफ्टवेअरनं पाऊस काढला तर माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी वाटतात. (खानापूर)

ते संवाद आता सुटे होणार नाहीत. पंख्याची घरघर ठरावीक पट्ट्यात असते, ती वेगळी काढता येते. पत्र्यावरचा पाऊस खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत सगळीकडे पसरलेला असतो आणि माणसाचा आवाज त्याच्या मधोमध. पाऊस उपटला की त्याबरोबर 'स', 'श', 'ख' ही अक्षरंही जातात.

उपाय डबिंगचा. त्याला स्टुडिओच हवा असं नाही. उघडीप मिळाली की बंद काचांची मोटार ओट्यापासून दूर उभी करा, सीटवर गोधड्या टाका, नटाला आत बसवा, फोनवर त्याचा शॉट दाखवा आणि एकेक वाक्य चार-चार वेळा म्हणवून घ्या. माइक तोंडापासून वीतभर, जरा बाजूला. समोर धरला तर 'प' आणि 'भ' फुटतात. नंतर त्या संवादांखाली पावसाचा वेगळा ध्वनी हलक्यानं सोडा.

पुढच्या वेळी हे आधीच करा. संवादाचे प्रसंग माळा असलेल्या खोलीत घ्या, माळ्यावर ठेवलेलं भात-गवत आवाज खातं. पडवीतच घ्यायचे असतील तर पत्र्यावर ताडपत्री, तिच्यावर भाताच्या पेंढ्या पसरा आणि दोरीनं बांधा. थेंब पत्र्यावर थेट आपटला नाही की ढोल वाजत नाही. पाऊस थांबत नाही पण बराच दबतो. प्रत्येक प्रसंगानंतर त्याच जागी सगळ्यांना 30 सेकंद गप्प उभं करून नुसता खोलीचा आवाज घ्या. संकलनात दोन वाक्यांमधली भोकं त्यानंच बुजतात.

माइक कपड्यावर कसा लावायचा, यात बहुतेक चुका होतात. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर हवा. साडीत तो पदराच्या कडेला टोचला की पदर सरकताना खसखस येते आणि मंगळसूत्र त्याच्यावर आपटत राहतं. मायक्रोपोर पट्टीनं (जखमेवर लावायची कागदी चिकटपट्टी) तो ब्लाउजच्या आतल्या बाजूला चिकटवा. वायरचा छोटा वेढा करून तोही चिकटवा, म्हणजे वायर ओढली तरी माइक हलत नाही. मंगळसूत्र मागून पट्टीनं धरून ठेवा. काचेच्या बांगड्या संवादाच्या वेळी दोऱ्यानं एकत्र बांधा. त्यांची किणकिण शॉट संपल्यावर वेगळी ध्वनिमुद्रित करा. पुरुषाचा सदरा खळ घातलेला नको, कडक कापड माइकजवळ करकरतं. आवाजाची पातळी जास्तीत जास्त उणे 12 डेसिबलपर्यंत जाऊ द्या. भांडणाच्या प्रसंगात नट तालमीपेक्षा हमखास मोठ्यानं बोलतो, त्याला जागा ठेवा.

घरातला फ्रिज बंद करायचा असेल तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा. घरी जाताना किल्ली शोधाल तेव्हा फ्रिज चालू करायचं आठवेल.

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतो. सुरुवातीला ओठ जुळतात, सात-आठ मिनिटांनी मागे पडतात. (चिकोडी)

फोन बहुधा ठरावीक फ्रेम-दर पाळत नाही, उजेड कमी झाला की दरही घटतो. अॅपमध्ये 25 चा स्थिर दर निवडा. आधीच काढलेल्या फाइली हँडब्रेक या व्हिडिओ बदलण्याच्या सॉफ्टवेअरमधून 'स्थिर फ्रेम-दर' या पर्यायानं बदलून मगच संकलनात घ्या. रेकॉर्डर 48 किलोहर्ट्झवर ठेवा. आणि दहा मिनिटांचे टेक घेता कशाला? चित्र-आवाज जुळवायला एक टाळी, एक प्रसंग, बंद.

आईनं चुलीजवळ बसून रात्री मुलाची वाट बघणं, असा प्रसंग आहे. चुलीच्या उजेडात घेतला तर चित्रात मुंग्या येतात. ट्यूब लावली तर रात्र वाटत नाही. (बेळगाव)

ट्यूब काढा आणि प्रसंग रात्री घेऊच नका. सूर्य मावळल्यावर साधारण 15 ते 30 मिनिटं आकाशात निळा उजेड असतो. खिडकी किंवा दार कॅमेऱ्याच्या चौकटीत असेल तर तो निळा बाहेर आणि पिवळा आत, एवढ्यावर रात्र उभी राहते. व्हाइट बॅलन्स 4000 केल्व्हिनच्या आसपास बांधा. ही वेळ चुकली की फक्त जवळचे शॉट घ्या, त्यात खिडकी नको.

चुलीच्या जाळाचा उजेड अपुरा असतो आणि लहरीही. म्हणून चुलीच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही असा तंतूचा जुना पिवळा बल्ब ठेवा. त्याच्यापुढे कुणी तरी बोटं हळूहळू हलवत बसलं की जाळ हलल्याचा भास होतो. स्वस्त एलईडीला पंख्याचा रेग्युलेटर जोडून मंद करायला जाऊ नका, पडद्यावर पट्टे दिसतील. बल्ब चेहऱ्यापासून दुप्पट लांब गेला की उजेड चौपट कमी होतो. त्यामुळे आईनं पुढे वाकणं आणि मागे टेकणं यात केवढा फरक पडतो ते आधी बघा, अभिनयाला त्याचा उपयोग होतो.

आता चेहऱ्याची दुसरी बाजू. गावाकडच्या स्वयंपाकघराची भिंत निळी किंवा पोपटी असते आणि तो रंग गालावर उतरतो. त्या बाजूला, चौकटीबाहेर, काळी घोंगडी टांगा. उजेड परतत नाही, सावली गडद होते, रात्र खरी वाटते. घोंगडी आवाजही शोषते, हा वरचा फायदा. चेहरा फारच बुडाला तर घोंगडीच्या जागी धुतलेलं धोतर. थर्माकोलही चालतो, पण वाऱ्यात तो चिरकतो, तेव्हा संवाद चालू असताना कुणी तरी दोन्ही हातांनी धरून ठेवा.

धुराचं काय? धुरात उजेडाची तिरीप सुंदर दिसते. पण पहिल्या शॉटमध्ये दाट धूर, दुसऱ्यात विरळ, असं झालं की जोडताना उडी दिसते. लांबचे सगळे शॉट सलग, दारं लावून घ्या. नंतर दारं उघडून धूर जाऊ द्या आणि जवळचे शॉट घ्या, त्यात पार्श्वभूमी कमी असल्यामुळे फरक कळत नाही. वयस्कर नटीला धुरात एका वेळी दहा मिनिटांहून जास्त बसवू नका.

किल्ल्याचा आणि भीमगडच्या जंगलाचा ड्रोन शॉट हवा आहे. 250 ग्रॅमच्या आतला ड्रोन असेल तर परवानगी लागत नाही ना? (बेळगाव)

रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, एवढंच. कुठे उडवायचा याचे नियम छोट्या ड्रोनलाही आहेत. सांब्र्याचा विमानतळ शहराजवळच आहे आणि किल्ल्याचा काही भाग लष्कराकडे, तेव्हा ड्रोन कुठे उडवता येतो ते रंगांनी दाखवणाऱ्या सरकारी डिजिटल स्काय नकाशावर जागेचा रंग आधी बघा. किल्ल्यातलं जैन मंदिर, कमलबस्ती, संरक्षित स्मारक आहे. ट्रायपॉड आणि दिवे घेऊन शूटिंग करायचं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी घ्या. भीमगड अभयारण्य आहे, तिथे वनखातं. लघुपटात या शॉटचं काम काय, हेही एकदा एकमेकांना विचारा. नुसतं 'आमचा तालुका किती हिरवा' एवढंच असेल तर गावाबाहेरच्या टेकाडावरून तो पहाटे धुक्यात घ्या.

आमच्या पात्रांच्या तोंडी 'काय करालास', 'येतो म्हणाला, खरं आलाच नाही' अशी भाषा आहे, मध्येच कानडी. मित्र म्हणतात, स्पर्धेत पुण्या-मुंबईकडे कळणार नाही, प्रमाण मराठी करा. (संकेश्वर)

करू नका. 'खरं' म्हणजे 'पण', हे दुसऱ्यांदा ऐकताना कुठल्याही मराठी माणसाला कळतं. फक्त पहिल्या वेळी ते वाक्य अशा प्रसंगात टाका की अर्थ कृतीतून कळेल: ताट वाढलेलं आहे, तो आलेला नाही. प्रमाण मराठी बोलायला लावली की नट आधी मनात भाषांतर करतो आणि मग बोलतो. तो अर्ध्या क्षणाचा उशीर कॅमेरा टिपतो.

कानडी वाक्यं कानडीतच ठेवा, खाली मराठी उपशीर्षक द्या. कानडी जाणणाऱ्या माणसाकडून ते तपासून घ्या. शिवी आणि लाडाचा शब्द यांत तिथेच गफलत होते. एका वेळी जास्तीत जास्त दोन ओळी, पडद्यावर सात सेकंदांपेक्षा जास्त नाही. काही संकलन सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी जोडाक्षरं तुटतात, पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते. मजकुराच्या सेटिंगमध्ये भारतीय लिपींचा पर्याय निवडा, फाँट युनिकोड घ्या. निर्यात केल्यावर 'स्थिती', 'ऱ्हास', 'कर्नाटक' हे तीन शब्द पडद्यावर नीट दिसतात का ते बघा. पांढऱ्या अक्षरांना बारीक काळी किनार द्या, नाहीतर गुऱ्हाळाच्या वाफेत आणि पांढऱ्या धोतरावर ती विरून जातात.