लेखणी विकली, असे तर होणार नाही ना?

रत्नागिरीतल्या माझ्या समुपदेशन कक्षात गेल्या पावसाळ्यात एक बातमीदार आले. ओळख कळू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. एका दैनिकाच्या जिल्हा आवृत्तीत त्यांची चौदा वर्षे गेली होती, आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या बाजारपेठेतून कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून त्यांनी बातम्या पाठवल्या होत्या. आता एका फळप्रक्रिया उद्योगाने त्यांना जनसंपर्क अधिकारी म्हणून बोलावले होते. पगार चांगला होता आणि मुलीचे शिक्षण तोंडावर आले होते.

"पण सर, लोक म्हणतील, लेखणी विकली. पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्रींनी ६ जानेवारी १८३२ ला 'दर्पण' काढलं. त्या पत्रकार दिनाला मी आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

ही चिंता घेऊन येणाऱ्यांना 'दोन्ही कामे सारखीच' असे मी कधीच सांगत नाही, कारण ते खरे नाही. बातमीदार वाचकाला बांधलेला असतो, तर जनसंपर्क अधिकारी त्याला नेमणाऱ्या संस्थेला. मी त्यांना आयव्ही ली यांच्याविषयी सांगितले. वृत्तपत्रातून या व्यवसायात आलेल्या या अमेरिकन गृहस्थांनी १९०६ मध्ये 'आमचे काम उघडपणे चालेल आणि माहिती अचूक असेल' अशा आशयाचा जाहीरनामा काढला. मात्र १९१४ मध्ये कोलोरॅडोतील खाणकामगारांच्या संपात त्यांनीच मालकांकडून आलेली चुकीची माहिती न तपासता पुढे पाठवली. बातमीदार असताना अंगी बाणलेली पडताळणीची सवय नव्या खुर्चीत सुटली, तर काय होते, हे त्यावरून दिसते.

मग मी त्यांना एक काम दिले. खाडीत मासे मेल्याची त्यांची जुनी बातमी घ्यायची आणि त्याच घटनेवर कारखान्याच्या वतीने प्रसिद्धिपत्रक लिहायचे. एकही शब्द खोटा नको. आठवड्याने ते चार मसुदे घेऊन आले. पहिल्या तिन्हींत मासे कुठेच नव्हते. चौथ्यात मात्र मासे मेले ही कबुली, सांडपाणी कधी थांबवले ती वेळ आणि मच्छीमारांनी कोणाशी बोलावे हे सारे होते. "हे लिहायला व्यवस्थापनाला तयार करणं, हेच खरं काम," ते स्वतःच म्हणाले. त्या क्षणी त्यांचा आवाज पहिल्या दिवसापेक्षा स्थिर होता, हे मला आजही आठवते.

पगाराविषयी आम्ही फार बोललो नाही. तो हिशेब त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळत होता. जुन्या सहकाऱ्यांच्या मैत्रीवर बातम्या छापून आणायच्या नाहीत, हे मात्र त्यांनी आपणहून ठरवले.

मुलाखतीत त्यांनी एकच प्रश्न विचारला: "काही चुकलं, तर निर्णय होताना मला बैठकीत बसवाल, की निर्णय झाल्यावर कागद हातात द्याल?" मालकांनी थोडा वेळ घेऊन बैठकीत बसवण्याचे कबूल केले, आणि ती अट नेमणूकपत्रात लिहून आल्यावरच त्यांनी सही केली.