कीथ रिचर्ड्सने चक बेरीचं सगळं उचललं, मग त्याला मोठा का म्हणायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स याने स्वतःच भर सभेत सांगितलं की जुना अमेरिकन रॉक अँड रोल गिटारवाला चक बेरी याने वाजवलेली प्रत्येक जागा आपण उचलली. तरी त्याला थोर गिटारवादक का मानतात? आणि ऋण कुठं संपतं, चोरी कुठं सुरू होते? यावरून तुमच्या बँडमध्ये वाद झाला, असंही तुम्ही लिहिलंय.

मी कोल्हापूरचा. तीस वर्षं गिटार वाजवतोय, त्यातली पंधरा शिकवतोय. माझं मत आधीच सांगतो: ते ऋण आहे, आणि एका माणसाच्या हातून फिटेल तेवढं कीथने ते फेडलंय.

आधी त्याने नेमकं काय उचललं ते बघू, कारण वाद घालणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांनी ते हातात घेऊन बघितलेलं नसतं. चक बेरीचा हात म्हणजे मुख्यतः दोन गोष्टी. पहिली, गाण्याच्या तोंडाचा पीस. वरच्या दोन तारा एकाच बोटाखाली दाबायच्या आणि दोन्ही एकदम छेडायच्या, म्हणजे एकटी गिटार दोन ट्रंपेटांसारखी बोलते. दुसरी, खालच्या जाड तारांवरची चाल: सा-प, सा-ध, सा-प, सा-ध, गाडीच्या चाकासारखी अखंड. आज जगातला कुठलाही रॉक बँड घ्या, ही चाल त्यांच्या कुठल्या ना कुठल्या गाण्याच्या पोटात सापडतेच.

१९५८ चं 'जॉनी बी. गुड' घ्या. पट्टी काळी पाच. सहाव्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या सहाव्या घरात, पहिलं बोट, आठव्यावर तिसरं आणि धैवतासाठी करंगळी थेट दहाव्यावर. लावून बघा. नव्या पोराचा पंजा तिथं फाटतो. चक बेरीचे हात चांगले मोठे होते, त्याला ते जमायचं. पण गिटारवाला आपणहून काळी पाच कधी घेत नाही, तो पांढरी तीन नाहीतर पांढरी सहा घेतो, कारण तिथं मोकळ्या तारा मिळतात. मग ही पट्टी आली कुठून? पियानोवरून. आणि इथंच तुमच्या प्रश्नाचा दुसरा पदर सुटतो, त्याच्याकडे येतोच.

कीथ आणि रोलिंग स्टोन्सचा गायक मिक जॅगर लहानपणीचे ओळखीचे, मध्ये गाठ सुटलेली. १९६१ च्या ऑक्टोबरात डार्टफर्डच्या रेल्वे स्टेशनवर ते पुन्हा भेटले तेव्हा मिकच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्सच्या रेकॉर्डी होत्या. पुढची सगळी दोस्ती त्या रेकॉर्डींवरनं. १९६३ मध्ये रोलिंग स्टोन्सची पहिली रेकॉर्ड निघाली, तिच्यावरचं गाणंच चक बेरीचं, 'कम ऑन'. पुढच्या वर्षी पहिल्या अल्बमवर पुन्हा त्याचंच 'कॅरल'. ही गाणी चोरून घेतलेली नव्हती. लिहिणारा म्हणून चक बेरीचं नाव छापलेलं होतं. १९६३ मध्येच बीच बॉइज या अमेरिकन बँडने चक बेरीच्या चालीवर दुसरे शब्द बसवून 'सर्फिन यूएसए' काढलं आणि श्रेय आपलंच लावलं, चक बेरीचं नाव नंतर आलं. हा फरक छोटा नाही. नाव छापलं की पैसेही त्याच पत्त्यावर जातात.

तुम्ही ज्या कबुलीचा उल्लेख केलाय ती १९८६ च्या जानेवारीतली. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमचा, म्हणजे रॉकमधल्या थोरांच्या मानाच्या यादीचा, पहिलाच सोहळा होता, चक बेरीला आत घेण्याचा मान कीथला दिला होता, आणि त्याने सगळ्यांसमोर सांगितलं की याच्याबद्दल बोलणं मला अवघड जातं, याची एकूण एक जागा मी उचललीय. लोक हे वाक्य विनोद म्हणून सांगतात. मला ते तसं कधीच वाटलं नाही. बेचाळीस वर्षांचा, जगभर नाव झालेला माणूस भर सभेत माझं मूळ कुठलं ते सांगतोय.

त्याच वर्षी ऑक्टोबरात चक बेरीची साठी आली. त्याच्या गावी, सेंट लुईसला, फॉक्स थिएटरात जलसा ठरला आणि बँड बांधायचं काम कीथने अंगावर घेतलं. चक बेरीची रीत अशी की तो एकटा गिटार घेऊन गावोगाव जायचा, तिथल्या मिळतील त्या पोरांना साथीला घ्यायचा, तालीम नाही, गाण्यांची यादी नाही, पट्टी स्टेजवर कळणार. कीथचं म्हणणं होतं, या माणसाला आयुष्यात एकदा तरी त्याच्या तोलाची साथ मिळाली पाहिजे. या सगळ्यावर पुढच्या वर्षी टेलर हॅकफर्डचा माहितीपट आला. मी तो वीस वर्षांपूर्वी पाहिला आणि त्यातल्या तालमीचा एक भाग मला अजून जसाच्या तसा दिसतो.

'कॅरल'चं तोंड चाललंय. कीथ ते वाजवतो. बेरी थांबवतो. तार ओढून सुरावर न्यायची जी जागा आहे ती बरोबर नाही म्हणतो. कीथ पुन्हा वाजवतो. पुन्हा थांबवलं. हेच गाणं कीथने बावीस वर्षांपूर्वी रेकॉर्ड केलेलं, हजारोंसमोर वाजवलेलं. कॅमेरे चालू आहेत, मागं सगळे वादक बघताहेत. कीथच्या जबड्यावरनं कळतं की तो आतून पेटलाय. तरी तो गिटार खाली ठेवत नाही. मान खाली घालून परत सुरुवात करतो. त्याच बेरीने पूर्वी एकदा, आपल्या गिटारला हात लावला म्हणून, कीथच्या तोंडावर ठोसा मारला होता. असल्या माणसाच्या पुढ्यात बसून तीच ओळ पुन्हा पुन्हा गिरवायची, याला मी फेड म्हणतो.

आता तो पियानो. सेंट लुईसमध्ये जॉनी जॉन्सन नावाचा पियानिस्ट होता. १९५२ च्या ३१ डिसेंबरच्या कार्यक्रमाला त्याचा सॅक्सोफोनवाला आजारी पडला, म्हणून त्याने चक बेरीला बोलावून घेतलं. बँड जॉन्सनचा होता, बेरी बदली म्हणून आला. पुढं बेरीच्या गाजलेल्या कितीतरी गाण्यांवर जॉन्सनचा पियानो आहे. ती सा-प सा-धची चाल म्हणजे पियानोवाल्याचा डावा हात गिटारवर उतरवलेला. तोंडाचा पीससुद्धा पूर्ण बेरीचा नाही. लुई जॉर्डनच्या बँडमध्ये कार्ल होगन नावाचा गिटारवाला होता, त्याने १९४६ मध्ये वाजवलेल्या एका तोंडाशी 'जॉनी बी. गुड'चं तोंड लावून ऐका. बेरीने होगनचं ऋण मान्य केलं होतं. 'जॉनी' हे नावही जॉन्सनवरनं घेतल्याचं सांगितलं. पण गाण्यांच्या श्रेयात जॉन्सन कधी आला नाही. १९८६ उजाडेपर्यंत तो सेंट लुईसमध्ये बस चालवत होता.

या गाण्यांच्या पट्ट्या पियानोच्या आहेत, म्हणजे चाली पियानोपाशी बसून झाल्यात, हे कीथने बोलून दाखवलं. त्या जलशात त्याने जॉन्सनला पियानोवर बसवलं, आणि १९८८ च्या आपल्या स्वतःच्या अल्बमवरही त्याला वाजवायला घेतलं. जॉन्सनने २००० मध्ये श्रेयासाठी बेरीवर दावा लावला, पण फार वर्षं उलटली म्हणून तो २००२ मध्ये फेटाळला गेला. माझ्या लेखी कीथचं सगळ्यांत मोठं काम हे. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव तर त्याने घेतलंच, पण बेरीने ज्याच्याकडून घेतलं होतं त्यालाही उजेडात आणलं.

कोल्हापूरच्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपल्याकडे अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात गायक होते. त्यांचे चिरंजीव भूर्जी खाँ इथंच शिकवत राहिले. ती तालीम म्हणजे काय? गुरूचा गळा आपल्या गळ्यात बसेपर्यंत वर्षानुवर्षं गिरवणं. त्याला कुणी चोरी म्हटलं नाही, कारण घेणारा नाव घेतो, आणि नाव घेताना हात कानाच्या पाळीला जातो. ख्यालाच्या कितीतरी बंदिशींत तर बांधणाऱ्याचं नाव शब्दांतच गुंफलेलं असतं. सदारंग अठराव्या शतकातला, पण त्याची चीज गाताना आजही 'सदारंग' हा शब्द गावाच लागतो, टाळता येत नाही. गिटारच्या पीसमध्ये असं नाव गुंफायची सोय नाही. तिथं ते तोंडानेच सांगावं लागतं.

आणि एक गोष्ट मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरचं संगीत भरलेली सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली. तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो'. केसरबाई अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या. त्याच तबकडीवर चक बेरीचं 'जॉनी बी. गुड'ही आहे. आमच्या दरबारगायकाची तालीम आणि सेंट लुईसच्या पियानोवाल्याचा डावा हात एकाच तबकडीवरनं ताऱ्यांमधल्या अवकाशात गेलेत. हे आठवलं की मला अजून भरून येतं.

आता 'मग त्याचं स्वतःचं काय' हा तुमचा उरलेला प्रश्न. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीत गेला. परत आला तो पहिल्यासारखा नव्हता, आणि त्या बदललेल्या आवाजातून त्यांनी जी गायकी घडवली तिला आज आपण जयपूर-अत्रौली घराणं म्हणतो. कीथच्या बाबतीत एवढं मोठं काही घडलं नाही. पण साठच्या दशकाच्या शेवटी तो राय कूडर या अमेरिकन गिटारवाल्याकडे बघून वेगळ्या जुळणीकडे वळला. त्याने सहावी तार काढूनच टाकली आणि उरलेल्या पाच तारा मोकळ्या सोडल्या तरी स्वर जुळतील अशा लावल्या. 'हाँकी टाँक विमेन' त्या जुळणीतलं. त्यात बेरीचा ठेका आहे, पण तो आवाज बेरीच्या गिटारमधून निघणारच नाही. ही जुळणी कुणाकडून घेतली तेही कीथने लपवलेलं नाही.

माझं स्वतःचं सांगतो, कारण तुमच्या बँडमधला वाद मला त्यामुळे जवळचा वाटला. मला गिटार शिकवली ती शिवाजी पेठेतल्या एका काकांनी. दिवसा शिरोलीच्या एमआयडीसीत फौंड्रीत काम, रात्री ऑर्केस्ट्रात गिटार. मी अकरावीत होतो. गच्चीवर, खालच्या घरातनं ओढलेल्या वायरवर अँप लावून, ते मला 'जॉनी बी. गुड' शिकवायचे. त्यांच्याकडे कुणीतरी भरून दिलेली कॅसेट होती, लेबलवर निळ्या पेनाने 'रोलिंग स्टोन्स' लिहिलेलं. लेबल चुकीचं होतं, गाणारा चक बेरीच होता, पण आम्हाला कोण सांगणार? दहा-बारा वर्षं मी तो पीस कीथचा म्हणून वाजवला.

माहितीपट बघितला त्याच संध्याकाळी मी काकांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. जॉन्सन बस चालवत होता, हे दोनदा विचारून घेतलं. मग कॅसेट काढली, लेबलवर काट मारली आणि शेजारी 'चक बेरी' लिहिलं. थोडा वेळ थांबून खाली बारीक अक्षरात 'पियानो जॉनी जॉन्सन' असंही लिहिलं.

पुढं २०११ मध्ये केशवराव भोसले नाट्यगृहात आमचा कार्यक्रम झाला (ते नाट्यगृह २०२४ च्या ऑगस्टात जळालं, त्याची हळहळ अजून जात नाही). गाण्याआधी मी माइकवर तिघांची नावं घेतली: चक बेरी, जॉनी जॉन्सन आणि काका. काका तिसऱ्या रांगेत होते. पीस चांगला वाजला, टाळ्या पडल्या. कार्यक्रम संपल्यावर ते विंगेत आले, मला वाटलं पाठ थोपटतील. त्यांनी माझा डावा हात हातात घेतला, बोटं एकेक करून उलगडली आणि म्हणाले, "आरं, तुझी करंगळी धड हाय की. मग कॅपो कशाला लावतोस?"

मी पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावून पांढरी सहाच्या बोटांनी काळी पाच वाजवत होतो, कारण काका तसंच वाजवायचे. त्यांची डाव्या हाताची करंगळी फौंड्रीत मोल्डिंगच्या पेटीखाली सापडून वाकडी झालेली. ती वाकडी करंगळी मी सतरा वर्षं रोज बघत होतो. दहाव्या फ्रेटपर्यंत ती पोचत नाही म्हणून कॅपो आहे, हे कधी मनातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कॅपो काढला. करंगळी दहाव्यावर नीट बसायला दोन महिने लागले. काकांना ऐकवायला गेलो, तर पहिल्याच ओळीत त्यांनी मला थांबवलं.